पॅरिशच्या सभेत नॅशनल पार्कच्या आराखड्याचा वार्षिक आढावा द्यायचाय. प्रामाणिकपणे काय लिहू?

उसाचं_रान

नमस्कार मंडळी. प्रश्न आडवळणाचा आहे, पण इथं वनखात्यातले, ऑडिटवाले, संस्थांमधून काम केलेले असे सगळे भेटतात, म्हणून इथंच विचारते.

मी मूळची वाळवा तालुक्यातली. गेली अकरा वर्षं इंग्लंडात, ल्युइसजवळच्या एका खेड्यात राहते. घराच्या मागं साउथ डाउन्सची रांग. रांग म्हणायचं आपलं, सह्याद्री बघितलेल्या माणसाला ती मऊ पोटाची टेकाडंच वाटतील. वर गवत, खाली सगळा खडू. पावसात फिरून आलं की बुटाला पीठ मळल्यासारखं लागतं.

हा सगळा पट्टा नॅशनल पार्क आहे आणि आमचं गाव त्याच्या आत. आपल्याकडं नॅशनल पार्क म्हटलं की गेट, तिकीट, जिप्सी आणि आतली गावं उठवून बाहेर. इथं पार्कात गव्हाची शेतं आहेत, पब आहे, शाळा आहे, मी कपडे वाळत घालते ते अंगणही आहे. विंचेस्टरपासून ईस्टबोर्नपर्यंत १,६०० चौरस किलोमीटरच्या वर पसारा आणि आत राहणारी माणसं लाखाच्या वर. पार्कचं प्राधिकरण २०११ मध्ये पुरतं कामाला लागलं, पण त्यांच्या मालकीची जमीन अगदी किरकोळ. बाकी सगळी शेतकऱ्यांची, इस्टेटींची, नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेची, कौन्सिलांची. त्यामुळं पार्कचा पाच वर्षांचा आराखडा हा ‘भागीदारी आराखडा’ असतो. भावकीतल्या विहिरीसारखं, सगळ्यांनी मिळून उपसायची. २०२०-२५ च्या आराखड्यात दहा फलितं ठरवली होती. निसर्ग, वारसा, आरोग्य, राहायला चांगली गावं वगैरे. कुठवर आलो ते दर वर्षी बघायचं.

आता माझं दुखणं. आमच्या पॅरिश कौन्सिलात, म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीच्या धाकट्या चुलतभावात, एक जागा रिकामी होती. निवडणुकीला कोणी उभंच राहिलं नाही, तर मला सहयोजित करून घेतलं. मी पगारपत्रकं करते, म्हणून ‘आकड्यांचं तुम्ही बघा’. मे महिन्यात गावाची वार्षिक सभा आहे. तिथं ‘पार्कच्या आराखड्याला आपल्या गावाचा हातभार’ यावर मी एक पान वाचून दाखवायचं आहे.

माझ्या आधी हे बघणाऱ्या आजोबांची फाइल मिळाली. माणूस सज्जन, अक्षर मोत्यासारखं. पाच वर्षांची पाच पानं, प्रत्येक पानावर तेच सहा मुद्दे आणि पुढं शेरा. रस्त्यावरचे दिवे बदलणं: पूर्ण. पायवाटेची फाटकं: पूर्ण. टेकडीवरची झुडपं काढणं: चालू, आणि दर वर्षी पुढं क्षेत्र लिहिलेलं. रस्त्याकडेचं गवत उशिरा कापणं: चालू. बसथांब्यावर माहितीफलक: पूर्ण. वरच्या तळ्याची दुरुस्ती: चालू.

हे तळं म्हणजे इथं ज्याला ड्यू पाँड म्हणतात ते. नाव दवाचं, भरतं पावसानं. खडूत पाणी टिकत नाही म्हणून जुन्या मेंढपाळांनी खड्डा खणून आत चिकणमाती तुडवून बसवलेली. मी रविवारी वर जाऊन आले. पाच वर्षं ‘चालू’ असलेल्या कामाच्या तळाशी भेगा आहेत, माझा आख्खा हात मनगटापर्यंत आत गेला. मधोमध एक निळी बादली, तिच्यात वीतभर पाणी. अख्ख्या तळ्यातलं तेवढंच पाणी.

आजोबांचा अपमान करायचा नाही. गावात सगळी भली माणसं, सगळी फुकट राबतात. पण तेच पान सहाव्यांदा वाचायचं मनाला पटत नाही. कसं लिहू?

---

तक्तेवाला

हिरवा, पिवळा, लाल करून टाका हो. झालेलं हिरवं, चालू ते पिवळं. तुमच्या यादीत तीन हिरवे, तीन पिवळे, लाल एकही नाही. सभा खूश, चहा-बिस्किटं, घरी. माझ्या कंपनीत बारा वर्षं असंच चाललंय.

---

निवृत्त_रेंजर

तक्तेवाले साहेब, तुमच्या कंपनीत पिवळ्याला भेगा पडत नाहीत.

ताई, मी वनखात्यात ३१ वर्षं काढली, त्यातली बरीच सह्याद्रीत. तुमचं ते निळ्या बादलीचं वाचलं आणि माझंच एक रोपवन डोळ्यांसमोर आलं. कुठल्या रेंजमधलं ते सांगत नाही. १० हेक्टर, ३ बाय ३ मीटर अंतर, म्हणजे हेक्टरी १,१११ खड्डे. रस्त्याला तोंड करून बोर्ड: रोपे ११,१११. पाचही आकडे सारखे, बघणाऱ्याला नवस बोलल्यासारखं वाटायचं. जुलैत लावली, फोटो निघाले, अहवालात ‘१०० टक्के साध्य’. पुढच्या मेमध्ये मी आणि वनरक्षक ओळीनं चालत गेलो. तो खडूनं टिंब द्यायचा, मी वहीत काठी मारायचो. निम्मी सुद्धा जिवंत नव्हती. वरच्या अंगाला गुरांनी खाल्लेली, खालच्या अंगाला पाणी साचून कुजलेली. मधला पट्टा मात्र झकास. बोर्ड तोच राहिला. बोर्ड बदलायचं हेड नसतं बजेटमध्ये.

म्हणून पहिली गोष्ट, तुमच्या आजोबांच्या शेऱ्यात दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्या आहेत. काम केलं, ही एक. त्या कामानं काही झालं, ही दुसरी. ‘दिवे बदलले’ हे काम. ‘रात्री अंधार वाढला’ हा परिणाम. आपल्याकडं व्याघ्र प्रकल्पांचं व्यवस्थापन परिणामकारकता मूल्यमापन २००६ पासून होतं, साधारण दर चार वर्षांनी. त्याला सहा पायऱ्या आहेत: संदर्भ, नियोजन, साधनं, प्रक्रिया, प्रत्यक्ष निघालेलं काम आणि परिणाम. प्रत्येक निकषाला २.५, ५, ७.५ किंवा १० गुण. शून्य नाहीच, ही त्यातली माणुसकी. आमच्याकडं पहिल्या पाच पायऱ्यांना कागदांची थप्पी लागायची. सहावीला जो तो चष्मा पुसायचा.

पण त्या पद्धतीत एक गोष्ट मला आवडायची. मूल्यमापन करणारे बाहेरचे असत. आपलंच माप, आपलाच शेर असं नाही. तुमच्या गावात बाहेरचा कोण आणणार? शेजारच्या पॅरिशमधून एकाला बोलवा, तुम्ही त्यांच्याकडं जा. एक सकाळ पुरे.

दुसरी गोष्ट त्या झुडपांची. दर वर्षी क्षेत्र लिहिलंय म्हणता. पाच वर्षांची बेरीज करा आणि टेकडीचं एकूण क्षेत्र विचारा. आम्ही रानमोडीचं तण काढायचो. एकदा सलग तीन वर्षांच्या नोंदी मांडल्या, तर काढलेलं क्षेत्र त्या कुरणापेक्षा मोठं निघालं! तोच तुकडा तीनदा. खोटं कोणीच लिहिलं नव्हतं.

---

तांबड्या_मातीतला

मी मूळ कणकवलीचा. डाउन्सवर स्वयंसेवक म्हणून जातो, हिवाळ्यातले बहुतेक शनिवार. रेंजरकाकांचं रोपवनाचं शंभर टक्के मान्य, झुडपांचं नाही.

इथलं गवत समजून घ्या. खडूवरचं जुनं कुरण म्हणजे एका चौरस मीटरमध्ये ४० पर्यंत जातीच्या वनस्पती. असं गवत आता पार्कच्या जेमतेम ४ टक्के जागेत उरलंय. ते निसर्गानं आपणहून केलेलं नाही, शेकडो वर्षं मेंढ्यांनी चरून केलंय. मेंढ्या घटल्या तरी बराच काळ सशांनी सांभाळलं. १९५३ मध्ये सशांचा मिक्झोमॅटोसिस रोग इंग्लंडात आला, ससे पटापट मेले आणि हॉथॉर्न, ब्लॅकथॉर्न ही काटेरी झुडपं वर चढायला लागली. आता मेंढी नाही, ससा नाही, म्हणून आम्ही. लांब दांड्याची कात्री, करवत आणि जाड हातमोजे. ब्लॅकथॉर्नचा काटा बोटात मोडला की आठवडाभर ठणकतो, आपल्या बाभळीला शरण यावं असा.

तर तोच तुकडा परत कापणं ही चूक नाही, ती राखण आहे. दाढी रोज करतो म्हणून काल केली ती फुकट गेली असं कोणी म्हणत नाही. चूक आहे ती लिहिण्यात. ‘नव्यानं मोकळं केलं’ आणि ‘आधीचं राखलं’ असे दोन रकाने हवेत. आणि तिसरा, सगळ्यांत महत्त्वाचा: तिथं मेंढ्या सोडल्या का? मेंढ्या आल्या नाहीत तर पुढच्या हिवाळ्यात तेच आम्ही, तेच झुडूप. आमच्या एका उताराला कुंपण आणि पाण्याची टाकी बसवून एका शेतकऱ्यानं मेंढ्या सोडल्या, तिथं आम्हाला आता बोलवतच नाहीत. आढाव्यात मात्र त्या वर्षी स्वयंसेवकांचे तास कमी दिसतात आणि कोणीतरी विचारतं, उत्साह कमी झाला का?

परिणाम बघायचा तर फुलपाखरू बघा. अडोनिस ब्लू नावाचं निळंशार आहे. त्याची अळी हॉर्सशू व्हेच ही एकच वेल खाते आणि त्याला दक्षिणेकडं तोंड केलेला, गवत अगदी बुटकं असलेला उतार लागतो. मे-जूनमध्ये एकदा आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये एकदा उडतं. ठरलेल्या वाटेनं चालायचं, दिसतील ती मोजायची. तुमच्या टेकडीवर एक जरी दिसलं तरी पान भरलं समजा. नाही दिसलं तर तेही लिहायचं.

दिव्यांचं म्हणाल तर साउथ डाउन्स २०१६ पासून आंतरराष्ट्रीय डार्क स्काय रिझर्व्ह आहे, म्हणजे रात्रीचा अंधार जपायचा राखीव भाग. दिवा बदलला एवढं पुरत नाही. उजेड पिवळसर हवा, रंगाचं माप ३,००० केल्विनच्या खाली, आणि तोंड जमिनीकडं. आकाशाचा अंधार मोजायचं एक मुठीएवढं मीटर मिळतं. आकडा जितका मोठा तितका अंधार जास्त, २१ च्या वर गेला की आकाशगंगा सहज दिसते. अमावास्येच्या आसपास, ढग नसताना, त्याच जागेवरून मोजा.

---

कलमबहाद्दर

सगळे झुडपांत शिरलेत म्हणून कायद्याचं थोडं सांगतो. पार्क प्राधिकरणानं व्यवस्थापन आराखडा करायचा आणि पाच वर्षांच्या आत त्याचा फेरविचार करायचा, हे १९९५ च्या एन्व्हायर्न्मेंट अॅक्टच्या कलम ६६ मध्ये आहे. ते प्राधिकरणाचं काम. पण इतर सरकारी संस्थांवर आधी फक्त एवढंच बंधन होतं की पार्कच्या उद्दिष्टांचं भान ठेवावं. भान ठेवलं म्हणायला मिनिटबुकात एक ओळ पुरायची. २६ डिसेंबर २०२३ पासून शब्द बदललेत. आता ती उद्दिष्टं पुढं नेण्याचा प्रयत्न केलाच पाहिजे. आणि ज्यांना हे लागू आहे त्यांत पॅरिश कौन्सिल येते.

म्हणजे ताई, तुमचं पान ‘हातभार’ या सदरात मोडत नाही. ते तुमच्या कौन्सिलचं काम आहे. सभेत हे वाक्य हळू आवाजात म्हणा, नाहीतर पुढच्या वर्षी उरलेल्या जागाही रिकाम्या होतील.

---

उसाचं_रान

सगळ्यांचे आभार. काका, तुमचं ‘काठी मारणं’ डोक्यात राहिलं. त्यामुळं शुक्रवारी रात्री साडेदहाला मुलाला घेऊन बाहेर पडले. त्याच्या हातात टॉर्च, माझ्या हातात वही. फाइलीत ‘१२ दिवे बदलले: पूर्ण’. खांब भरले बाराच. नऊ नवे, पिवळसर, तोंड खाली. दोन जुनेच, पांढरे, शाळेच्या वळणावर, त्यातला एक थेट समोरच्या घराच्या माडीत घुसतो. बारावा आयव्हीच्या वेलीत इतका गुरफटलाय की पेटतो का नाही तेच कळेना. मुलगा म्हणाला, आई, सगळ्यांत जास्त अंधार हाच करतोय, याला बक्षीस द्या.

मग झुडपांची बेरीज केली. पाच वर्षांत मिळून साडेसात हेक्टर. क्लार्कबाईंना टेकडीचं क्षेत्र विचारलं तर त्या नकाशा काढून म्हणाल्या, चार. पहिल्यांदा मला हसू आलं, मग तांबड्या मातीतल्या दादांचं दाढीचं आठवलं. आजोबांना फोन केला. ते म्हणाले, नवं फक्त पहिल्या दोन वर्षांत मोकळं केलं, अडीच हेक्टर, बाकी राखणच. कुठला कोपरा कुठल्या वर्षी, सगळं तोंडपाठ. मग लिहिलं का नाही, तर म्हणे फॉर्ममध्ये एकच रकाना होता. माझ्या पगाराच्या सॉफ्टवेअरमध्ये पण असले एकेक रकाने आहेत, त्यामुळं मी गप्प.

तळ्याचं त्यांनीच सांगितलं. चिकणमाती बसवणारा माणूस दोनदा येऊन बघून गेला. दोन्ही वेळा पैसे कमी पडले, कारण त्याच वर्षी फाटकं करायची होती. ‘चालू’ लिहिलं कारण ‘बंद’ लिहिलं असतं तर जमवलेली रक्कम दुसरीकडं वळवली असती. म्हणजे त्या एका शब्दानं आजोबांनी पाच वर्षं तळ्याचे पैसे राखले होते! मी त्यांना जवळपास खोटारडं ठरवून बसले होते. रक्कम अजून खात्यात आहे, मी बघितली.

एक शंका राहिलीच. वारसा हेही त्या दहांपैकी एक फलित. ब्रायटनच्या वर, पॅचमपाशी डाउन्सवर ‘छत्री’ आहे. पहिल्या महायुद्धात ब्रायटनच्या इस्पितळांत दगावलेल्या ५३ हिंदू आणि शीख सैनिकांचं तिथं दहन झालं आणि १९२१ मध्ये संगमरवरी स्मारक उभं राहिलं. गाडी जात नाही, चालतच जावं लागतं. बाबा आले होते तेव्हा नेलं होतं. वारा असला कापत होता, तरी त्यांनी बूट काढले आणि मोजे घालून पायरीवर उभे राहिले. शेजारनं कुत्रं फिरवणारी एक बाई थांबली, तिनं विचारलं हे काय आहे. दर आठवड्याला ती तिथनं जायची. बाबांनी तिला वाळव्याच्या इंग्रजीत वीस मिनिटं सांगितलं. आमच्या पॅरिशच्या हद्दीत नाही हे, मला माहितीय. पण असल्या गोष्टीला रकाना कुठला?

---

निवृत्त_रेंजर

हद्दीत नाही तर पानावर घेऊ नका, उद्या शेजारची पॅरिश पण तेच मोजेल. सभेत तोंडी सांगा.

तुमच्या आजोबांची मीही मनातल्या मनात माफी मागितली. पैसे राखायला ‘प्रगतिपथावर’ लिहिणं आम्हीसुद्धा केलंय, मार्चच्या शेवटच्या आठवड्यात तर फारच. पण आता तळ्यापुढं तीन गोष्टी लिहा: किती जमलेत, किती कमी आहेत, कुणाकडं मागायचे. ‘चालू’ हा शब्द खोडा. आणि फोटो काढा, तळ्याकाठच्या एकाच दगडावर उभं राहून, दर वर्षी त्याच महिन्यात. दगडावर रंगाचा ठिपका देऊन ठेवा, पुढच्या माणसाला शोधावं लागायला नको.

खांबांना नंबर आहेत का? नसतील तर घाला.

---

तांबड्या_मातीतला

बादली काढू नका हां एवढ्यात. वीतभर पाण्यात पण बेडकाची अंडी असू शकतात या दिवसांत. आधी वाकून बघा.

---

उसाचं_रान

वाकून बघितलं. अंडी नाहीत. तळाशी मेंढीची लोकर आणि कुणाचं तरी घराच्या किल्लीचं जुडगं.

पान तयार झालंय, आजोबांना दाखवलं. त्यांनी दोन ठिकाणी स्पेलिंग सुधारलं आणि तळ्याच्या ओळीत ‘चालू’ जाऊन ‘अडलेलं, ४० टक्के रक्कम जमा’ आलंय ते दोनदा वाचलं. म्हणाले, सभेत या ओळीला मी उभा राहतो, तू बस. झुडपांना आता दोन रकाने आहेत, मेंढ्यांचा तिसरा रिकामा सोडलाय, कारण खालच्या शेतकऱ्याला अजून कोणी विचारलेलंच नाही. ते काम माझ्याकडं आलं. शाळेच्या वळणावरचे दिवे म्हणजे खांब नंबर ७ आणि ८, हे पांढऱ्या रंगानं मीच लिहून आले. ७ च्या समोर ज्यांची माडी आहे ते आमचे अध्यक्ष. चार वर्षं जाड पडदे लावून झोपताहेत, पण कौन्सिलात कधी तोंडातून शब्द काढला नाही.